मराठवाड्यातून इंग्रजी भाषा आणि भाषाविज्ञान शिकायला निघताना

बी.ए.ला इंग्रजी घ्यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "सर, मला फाडफाड बोलता येत नाही, जमेल का?" जमेल. हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. इंग्रजी बोलणं वेगळं आणि इंग्रजी भाषा कशी चालते ते समजून घेणं वेगळं. दुसऱ्या कामात जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा मागे असतोच असं नाही. घरात एक बोली, शाळेत प्रमाण मराठी, आठवडी बाजारात दखनी उर्दू, टीव्हीवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी, असं ज्याचं बालपण गेलं त्याच्या कानाला भाषांमधले फरक टिपायची सवय आधीच लागलेली असते. ती सवय अभ्यासात कशी आणायची, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी नेमकं काय शिकायचं ते ठरवा

"इंग्रजी घेतलं" या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे सगळ्यांना असणारं कंपल्सरी इंग्लिश. दुसरी म्हणजे ज्याला आपण वर्षानुवर्षे ऑप्शनल इंग्लिश म्हणत आलो आणि आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणतो ते. यात बहुतेक ठिकाणी साहित्य जास्त असतं: कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा. तिसरी गोष्ट भाषाविज्ञान, म्हणजे ध्वनी, शब्दरचना, वाक्यरचना, अर्थ आणि समाजातला भाषेचा वापर यांचा शास्त्रीय अभ्यास. आपल्याकडच्या बी.ए.त हे भाषाविज्ञान एखाद-दुसऱ्या पेपरपुरतं येतं. एम.ए.ला थोडं वाढतं. पूर्ण भाषाविज्ञानाची पदवी हवी असेल तर मराठवाड्याबाहेर जावं लागतं, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

म्हणून प्रवेशाआधी विद्यापीठाच्या वेबसाइटवरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि सहाही सेमिस्टरच्या पेपरांची नावं वाचा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. पहिलं १९५८ चं, दुसरं १९९४ चं. दोन्हींचे अभ्यासक्रम वेगळे आहेत, त्यामुळे चुलतभावाच्या नोट्स तुमच्या कामाला येतीलच असं नाही.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. विभागात पूर्णवेळ शिकवणारे किती आहेत, ग्रंथालयातून पुस्तक घरी मिळतं का, आणि उच्चारशास्त्राच्या तासाला आवाज ऐकवण्याची काही सोय आहे का, हे तिथे शिकणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. त्यांच्याकडून खरं उत्तर मिळतं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर असतो. जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं प्रवेशाआधीच तयार ठेवा, कारण तहसीलमधला दाखला ऐन वेळी मिळत नाही. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांनी स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात जरूर करावी.

पहिलं सेमिस्टर कानासाठी

उच्चारशास्त्राचा पेपर बघून मुलं घाबरतात. अनोळखी चिन्हं, जबड्याच्या आकृत्या, व्हेलर, पॅलेटल, रेट्रोफ्लेक्स, डेंटल, बायलेबियल अशी नावं. घाबरण्याआधी पहिलीच्या पुस्तकातली वर्णमाला समोर घ्या. क ख ग घ ङ हे जिभेची मागची बाजू मऊ टाळूला टेकून, च-वर्ग टाळूपाशी, ट-वर्ग जिभेचं टोक मागे वळवून, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांनी. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. म्हणजे त्या पाच इंग्रजी नावांचा तक्ता तुम्ही वयाच्या सहाव्या वर्षी पाठ केलेला आहे. आडव्या ओळीत तर आणखी माहिती आहे: क अघोष (गळ्यात कंप नाही), ग घोष (कंप आहे), ख आणि घ महाप्राण (हवेचा झोत जास्त), ङ अनुनासिक. इंग्रजी वर्णमालेत ए नंतर बी का येतो याला उच्चाराचं कसलंही कारण नाही. आपल्या वर्णमालेत प्रत्येक अक्षराच्या जागेला कारण आहे. पाणिनीच्याही आधीपासून या देशात उच्चारस्थानांचा विचार झाला, त्याचा फायदा आपल्याला आयता मिळतो. तो घ्या.

आता खरा अभ्यास. प्रमाण ब्रिटिश उच्चारात, ज्याला आरपी म्हणतात, साधारण ४४ ध्वनी मोजतात: २४ व्यंजनं आणि २० स्वर. लिहायला अक्षरं मात्र २६. म्हणून स्पेलिंगवर विसंबता येत नाही आणि प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र चिन्ह लागतं. ती चिन्हं आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची, म्हणजे आयपीएची. ती ठरवणारी संस्था १८८६ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. चिन्ह दाबलं की आवाज ऐकवणारे तक्ते इंटरनेटवर फुकट मिळतात. रोज चार-पाच चिन्हं, आणि प्रत्येक चिन्हासाठी स्वतःच्या तोंडातला एक शब्द. घोकंपट्टी इथे टिकत नाही, कारण परीक्षेत अनोळखी शब्द लिप्यंतर करायला देतात.

मराठी बोलणाऱ्याला कुठे अडतं, तेही ठरलेलं आहे. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना "दिन" आणि "दीन" बहुतेक जण सारखेच उच्चारतात. इंग्रजीत "शिप" म्हणजे जहाज आणि "शीप" म्हणजे मेंढी. तिथला फरक नुसत्या लांबीचा नाही, जिभेची उंचीही बदलते. "वाइन" आणि "व्हाइन" यांच्या पहिल्या आवाजात आपण गोंधळतो: पहिल्याला दोन्ही ओठ गोल करायचे, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. "थिन"चा पहिला आवाज आपला थ नाही. आपण हवा अडवून सोडतो, इंग्रज ती दातांमधून घासून जाऊ देतो. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे आघात. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला म्हणून अर्थ बदलत नाही. इंग्रजीत "रेकॉर्ड" पहिल्या भागावर जोर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. यासाठी वेगळा वेळ काढाच. इंग्रजी बोलणारा तुमचा ट थोडा मूर्धन्य असला तरी समजून घेतो, आघात चुकला तर शब्दच ओळखत नाही.

एक प्रयोग घरी करून बघा. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि इंग्रजी पद्धतीने "पिन" म्हणा, मग "स्पिन" म्हणा. आरपीत पहिल्या वेळी पट्टी हलते, दुसऱ्या वेळी जवळजवळ नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प हवेचा झोत घेऊन येतो आणि स नंतरचा तसा येत नाही. पण बोलणाऱ्याला ते दोन वेगळे आवाज वाटत नाहीत, कारण त्यांच्यामुळे अर्थ बदलत नाही. आपल्याकडे "ताट" आणि "थाट" यांत फक्त तेवढ्याच झोताचा फरक आहे आणि अर्थ पार बदलतो. जो फरक एका भाषेत अर्थ बदलतो तो दुसऱ्या भाषेत कुणाच्या लक्षातही येत नाही: फोनीम (अर्थ बदलणारा ध्वनी) आणि ॲलोफोन (त्याच ध्वनीचं अर्थ न बदलणारं रूप) हा सगळा धडा एवढाच आहे. आता "जग" हा शब्द घ्या. दुनिया या अर्थाने म्हणा, मग "नीट जग" मधला म्हणा. लिहितो एकच, ज मात्र दोन. देवनागरी जशी बोलतो तशीच लिहितो, हे म्हणणंही सगळीकडे खरं नाही, हे तुमच्या लक्षात आलं की स्पेलिंगची भीती निम्मी होते.

पुस्तक म्हणाल तर टी. बालसुब्रमण्यन यांचं भारतीय विद्यार्थ्यांसाठीचं इंग्रजी उच्चारशास्त्राचं पुस्तक आपल्याकडच्या विभागांमध्ये खूप वापरलं जातं. भाषाविज्ञानाची पहिली ओळख करून घ्यायला जॉर्ज यूल यांचं "द स्टडी ऑफ लँग्वेज" सोप्या इंग्रजीत आहे, प्रकरणं छोटी आहेत. गाईड परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात उघडा, त्याआधी नाही. गाईडमध्ये व्याख्या मिळतात, पण या विषयात व्याख्या कळते ती उदाहरण स्वतः शोधल्यावर.

मग शब्द आणि वाक्य

शब्दांचे तुकडे पाडायला मराठी फार चांगली आहे. "झाडावरच्यांनाही" हा एक शब्द घ्या. झाड, त्याचं सामान्यरूप, मग वर, च्या, अनेकवचनाचा अनुस्वार, ना, ही. प्रत्येक तुकड्याला काम आहे आणि क्रम बदलता येत नाही. असे दहा शब्द सोडवले की इंग्रजीतल्या उपसर्ग-प्रत्ययांचा धडा एका बैठकीत होतो.

वाक्यरचनेच्या पेपरात झाडासारख्या आकृत्या काढाव्या लागतात आणि मुलं विचारतात, याचा उपयोग काय. उत्तर एका मराठी वाक्यात आहे: "मोठ्या मुलाच्या मित्राला बोलवा." मोठा कोण, मुलगा की मित्र? शब्द तेच, क्रम तोच, अर्थ दोन. शब्द एकामागोमाग ठेवले म्हणजे वाक्य होत नाही, आत गट असतात आणि तेच गट आकृतीत दिसतात. अमेरिकी भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्ये मांडणी केल्यापासून वाक्याचा हा आतला सांगाडा भाषाविज्ञानाच्या मध्यभागी आला. त्याआधी स्विस भाषावैज्ञानिक फर्दिनां द सोस्यूर. त्यांची व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये, सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून पुस्तकरूपात आणली. ही दोन नावं प्रत्येक अभ्यासक्रमात येतात. दोघांचं म्हणणं आधी मराठीत, स्वतःच्या शब्दांत अर्धा पान लिहून काढा, मग इंग्रजीत. ज्याला मराठीत सांगता येत नाही त्याला ते समजलेलं नसतं, पाठ झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट मराठी मुलांना लवकर उमगते. "रामाने आंबा खाल्ला", "रामाने चिंच खाल्ली". खाणारा तोच, पण क्रियापद चालतं खाल्लेल्या वस्तूप्रमाणे. इंग्रजीत असं होत नाही. अर्गेटिव्ह नावाचा जो प्रकार इंग्रज विद्यार्थ्याला उदाहरणं गोळा करून समजावावा लागतो, तो तुम्ही रोज बोलता. तसंच "आपण" आणि "आम्ही". ऐकणारा धरून की सोडून, हा फरक इंग्रजीतल्या एकाच "वी"मध्ये मावत नाही.

चुकांची वही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं थांबून लिहितो. दुसरी भाषा शिकताना होणाऱ्या चुका मूर्खपणाच्या नसतात, त्यांना नियम असतो. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चुकांकडे पुरावा म्हणून बघायला सांगितलं. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये शिकणाऱ्याच्या डोक्यात तयार होणाऱ्या मधल्या भाषेला इंटरलँग्वेज म्हटलं: ती पूर्ण मायबोली नसते, पूर्ण इंग्रजीही नसते, पण तिला स्वतःचं व्याकरण असतं. तुम्ही तीच भाषा बोलता. म्हणजे अभ्यासाची सामग्री तुमच्याच वहीत आहे.

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर स्वतःची चूक, उजव्या पानावर बरोबर वाक्य, खाली मराठीत कारण. "मी दोन वर्षांपासून इथे राहतो" हे वाक्य आपली बहुतेक मुलं "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स" असं लिहितात. कारण उघड आहे: मराठीत जे आधी सुरू झालं आणि अजून चालू आहे त्याला साधा वर्तमानकाळ पुरतो, आणि "सिन्स" व "फॉर" या दोन्हींसाठी एकच "पासून" आहे. इंग्रजीला तिथे "हॅव बीन लिव्हिंग" लागतं आणि कालावधी मोजताना "फॉर". "ए", "ॲन", "द" यांच्या चुका सगळ्यांत उशिरा जातात, कारण मराठीत तसले शब्दच नाहीत. त्यासाठी साधा इंग्रजी-मराठी शब्दकोश पुरणार नाही. शिकणाऱ्यांसाठी बनवलेली लर्नर्स डिक्शनरी घ्या. तिच्यात नाम मोजता येणारं आहे की नाही हे प्रत्येक अर्थापुढे दिलेलं असतं. "इन्फर्मेशन", "अडव्हाइस", "फर्निचर" यांना अनेकवचन नाही, हे तिथे दिसतं.

वर्षभराने वही चाळली की पाच-सहा चुकाच पुन्हा पुन्हा झालेल्या दिसतात. त्यांच्यावर काम करा. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला हजारो रुपये भरण्याआधी हे करून बघा, असा माझा आग्रह आहे. बोलण्यासाठी रोज वीस मिनिटं एखादी इंग्रजी बातमी ऐकायची, थांबवायची आणि तसंच म्हणायचं. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघायचा. इंग्रजासारखं बोलायचं हे ध्येय ठेवू नका. ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली आणि भारताला दुसऱ्या, बाहेरच्या वर्तुळात ठेवलं: जिथे इंग्रजी मायबोली नाही, पण कचेरीत, कोर्टात, शिक्षणात मुरलेली आहे. भारतीय इंग्रजी हा अभ्यासाचा मान्य विषय आहे. आपलं बोलणं जगात कुठेही कळावं, एवढं पुरे.

भाषेचा इतिहास

हा पेपर तारखांनी भरलेला असतो, पण तीन तारखा पक्क्या केल्या तर बाकीच्या त्यांना लागून येतात. १०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडमध्ये आले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन यांनी इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला. आणि साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकेक करून सरकले, त्याला ग्रेट व्हॉवेल शिफ्ट म्हणतात. छपाईने स्पेलिंग गोठायला लागलं आणि उच्चार पुढे गेले. आजचा सगळा घोळ तिथला. "नाइफ"च्या सुरुवातीचा के एकेकाळी खरोखर उच्चारला जायचा.

दरबाराची भाषा बदलली की लोकांच्या शब्दांचं काय होतं, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कारभार उर्दूत चालायचा. जमिनीच्या आणि कोर्टाच्या जुन्या कागदांत तो अजून दिसतो. नॉर्मन काळावरचं उत्तर लिहिताना ही तुलना दोन ओळींत द्या, तपासणाऱ्याला तुमचा विचार दिसेल.

गावाकडे कान लावा

समाजभाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी मुलं इंटरनेटवरून लंडन-न्यूयॉर्कची उदाहरणं उतरवतात. मराठवाड्यात राहून असं करणं म्हणजे हातातलं सोडून देणं आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. तांड्यावर बंजारा समाजाची गोरमाटी. किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, या दोन्ही द्रविड कुळातल्या. शहरांमध्ये दखनी, जिच्यातलं "नक्को" आणि "मैंच" मधला च मराठीशी नातं सांगतात. भाषा एकमेकींजवळ राहिल्या की व्याकरणही उसनं घेतात, याचं हे उदाहरण तुमच्या गल्लीतलं.

तुमची स्वतःची बोली तर आहेच. "काय करायलास?", "पाऊस पडायलाय". हे "-ायला" रूप चालू असलेली क्रिया दाखवतं, प्रमाण मराठीत तिथे "करतो आहेस" येतं. कोणत्या तालुक्यात कोणतं रूप, म्हातारी माणसं काय म्हणतात आणि कॉलेजची मुलं काय म्हणतात, कॉलेजमध्ये गेल्यावर तीच मुलगी रूप बदलते का: एम.ए.च्या प्रबंधाला पुरेल एवढा हा विषय आहे. "इस्टँड", "इस्कूल" असं का होतं, "टेबल" होताना मात्र पुढे इ का येत नाही, हा बी.ए.च्या प्रकल्पाला पुरेल. कुणाचंही बोलणं रेकॉर्ड करण्याआधी त्यांना कशासाठी ते सांगा आणि परवानगी घ्या. लिहिताना नाव देऊ नका. आणि कुणाची बोली अशुद्ध आहे, असं वाक्य प्रकल्पात येऊ देऊ नका. भाषाविज्ञानात ते वाक्य चुकीचंच आहे.

बी.ए.नंतर

पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसतील तर केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर भाषाविज्ञानाचे कोर्स मोफत करता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी लागते. ई-पीजी पाठशालेवर एम.ए.च्या पातळीची टिपणं आहेत. शोधगंगेवर आपल्या दोन्ही विद्यापीठांतले प्रबंध बघायला मिळतात. विषय निवडण्याआधी ते बघाच.

पूर्ण भाषाविज्ञान शिकायचं तर जवळचे दोन मार्ग आहेत, हैदराबाद आणि पुणे. हैदराबादला इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी आहे, सगळे तिला इफ्लू म्हणतात. ती १९५८ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांसाठीची संस्था म्हणून सुरू झाली. तिथेच हैदराबाद विद्यापीठातही उपयोजित भाषाविज्ञानाचं केंद्र आहे. नांदेड, परभणी, जालन्याच्या मुलांना देवगिरी एक्सप्रेस थेट तिकडे नेते. पुण्याचं डेक्कन कॉलेज १८२१ सालचं, तिथला भाषाविज्ञान विभाग देशातल्या जुन्या विभागांपैकी आहे. मराठी भाषावैज्ञानिक अशोक केळकर तिथेच शिकवायचे. केंद्रीय विद्यापीठांत एम.ए.च्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागते. पण कोणती संस्था कोणत्या परीक्षेतून प्रवेश देते हे बदलत आलं आहे, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक मुळातून वाचा, व्हॉट्सॲपवर आलेलं नाही.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए.चा विषय जपून निवडा. नेट परीक्षेत (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत) इंग्रजी आणि भाषाविज्ञान हे दोन वेगळे विषय आहेत, क्रमांक ३० आणि ३१. दोन्हीकडे पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण. एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात आणि नेट शक्यतो एम.ए.च्या विषयातच द्यावी लागते. मराठवाड्यातल्या कॉलेजांत जागा निघतात त्या प्रामुख्याने इंग्रजीच्या, भाषाविज्ञानाचे स्वतंत्र विभाग फार थोडे. म्हणून गावाजवळ नोकरी हवी असेल तर एम.ए. इंग्रजी करा आणि त्यात भाषेचे जेवढे पेपर निवडता येतील तेवढे निवडा. संशोधन, शब्दकोश, भाषांतर किंवा संगणकाला मराठी शिकवण्याच्या कामात जायचं असेल तर भाषाविज्ञान घ्या, आणि सोबत थोडं प्रोग्रामिंग शिका. हा निर्णय बी.ए.च्या पाचव्या सेमिस्टरमध्येच घ्या, कारण प्रवेश परीक्षांचे अर्ज शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा होण्याआधीच निघतात.